एस्टोनियातला पाल्म्सेचा वाडा एवढा नीट कसा राहिला? (आणि आमचा का बसला)

पन्हाळी_पाऊस

मंडळी जरा लांबड लागणार आहे, सांभाळून घ्या. माझी पुतणी टॅलिनला, म्हणजे एस्टोनियाच्या राजधानीत, मास्टर्स करतीय. गेल्या रविवारी ती मैत्रिणींबरोबर एका खेड्यातला जुना वाडा बघायला गेलती, तिथनं तिनं व्हिडिओ पाठवला. पाल्म्से असं नाव. लाहेमा म्हणून नॅशनल पार्क आहे त्याच्यात, चहूबाजूनं जंगल आणि मध्ये हे दुमजली दगडी घर, मागं बाग, तळं, बाजूला कोठारं, घोड्यांची पागा, काचेचं झाडांचं घर, सगळं असं ठाकठीक की कालच रंग देऊन गेलेत. आम्ही ते टीव्हीला लावून घरातल्या सगळ्यांनी बघितलं, आणि संपल्यावर बाबा (वय ७८) एवढंच बोलले, "ह्यांच्यात भावकी नव्हती काय रे?"

हसू नका, कारण आमचा स्वतःचा वाडा आहे भुदरगड तालुक्यात, दोन चौकी, सागवानी तुळया, आणि २०१९ च्या पावसात मागचा सोपा बसला तो अजून तसाच पडून आहे. उताऱ्याला सतरा नावं आहेत, त्यातली दोन मुंबईला, एक पुण्यात, आणि एका चुलत आजोबांची पोरं कुठं आहेत ते कुणालाच ठाऊक नाही. कौल बदलायचं म्हटलं तरी सतरा सह्या.

तर प्रश्न असा की पुतणी सांगतीय मालकाचं नाव फॉन डेर पालेन म्हणजे जर्मन, देश एस्टोनिया, आणि त्या काळात राज्य रशियाच्या झारचं. मग हे नेमकं काय प्रकरण आहे? आपल्या इनामदारासारखं काय? आणि एवढी महायुद्धं, कम्युनिस्ट, सगळं होऊन ते घर उभं कसं राहिलं? कुणाला माहीत असंल तर लायनीनं सांगा, बाबांना वाचून दाखवणार आहे.

बिंदूचौक_कट्टा

भावा तुझ्या बाबांनी जो प्रश्न विचारलाय तोच खरा प्रश्न आहे, त्याच्यावर शेवटी येतो, आधी जर्मन-रशियन घोळ मिटवू.

तेराव्या शतकात बाल्टिकच्या किनाऱ्यावर जर्मन आणि डेन्मार्कचे सरदार धर्मयुद्ध म्हणून उतरले. टॅलिन १२१९ ला डॅनिश लोकांनी घेतलं, पुढं १३४६ ला डेन्मार्कच्या राजानं उत्तर एस्टोनिया चक्क विकून टाकला, घेणारे ट्यूटॉनिक ऑर्डरवाले म्हणजे जर्मन लढाऊ साधूंचा पंथ. तिथनं जे जर्मन जमीनदार बसले ते बसलेच. मग सोळाव्या शतकात स्वीडनचं राज्य आलं, मग स्वीडन-रशिया मोठं युद्ध झालं आणि १७१० ला पीटर द ग्रेटनं तो सगळा भाग घेतला. पण पीटरनं शहाणपणा केला, जमीनदारांना सांगितलं तुमच्या जमिनी, तुमची कोर्टं, तुमची जर्मन भाषा, तुमचा प्रोटेस्टंट धर्म सगळं राहू दे, फक्त मला मुजरा करा. म्हणजे राजा बदलला, झेंडा बदलला, वाड्यावरचा मालक काही बदलला नाही. आपल्याकडं कागल, इचलकरंजी, बावडा, विशाळगड ह्या जहागिऱ्या जशा दरबाराच्या हाताखाली पण घरात राजासारख्या, तसं थोडंफार समज. फरक एवढाच आणि तो लई मोठा आहे, की आपला जहागीरदार आणि त्याचं कूळ दोघंबी मराठीच बोलत होते. तिथं मालक जर्मन बोलायचा, राबणारा एस्टोनियन, आणि मधे मुकादम, त्याला ते कुब्यास म्हणतात, हातात छडी घेऊन. सहाशे वर्षांच्या वर हे चाललं.

आता पाल्म्से. आधी ती जमीन टॅलिनच्या सेंट मायकेल मठातल्या जोगिणींची होती, १५१० पर्यंत. मग हातोहात फिरत १६७७ ला पालेन घराण्याकडं आली आणि १९२३ पर्यंत त्यांच्याकडंच, म्हणजे २४६ वर्षं एकच आडनाव. सध्याच्या घराचं काम १६९७ ला सुरू झालं, लगेच ते स्वीडन-रशिया युद्ध पेटलं त्यामुळं रखडलं, आणि आज पुतणीनं जे रूप बघितलं ते १७८० च्या दशकात पाडून-वाढवून केलेलं. ह्या घराण्यातला एक प्योटर पालेन, ह्याच पाल्म्सेत जन्मलेला, सेंट पीटर्सबर्गचा लष्करी गव्हर्नर होता आणि १८०१ ला झार पॉलला त्याच्याच महालात मारलं त्या कटाचा म्होरक्या हाच. आणि दुसरा एक अलेक्झांडर पालेन, त्यानं खटपट करून टॅलिन ते पीटर्सबर्ग रेल्वे आणली, १८७० ला गाडी धावली. आपली मिरज-कोल्हापूर लाइन १८९१ ची, म्हणजे त्यांची गाडी आपल्या वीसेक वर्षं आधी. घराण्यात खुनी पण आणि रेल्वेवाला पण, वाडा म्हटलं की असलं असतंयच.

आता बाबांचा प्रश्न. भावकी होती, पण घर फुटत नव्हतं. थोरला पोरगा इस्टेट घेणार, बाकीचे रशियन फौजेत नाहीतर नोकरीत, बऱ्याच घराण्यांत असंच चालायचं. हे एक. पण खरं कारण हे नाहीच. खरं कारण १० ऑक्टोबर १९१९.

पहिल्या महायुद्धात रशियाचं राज्य कोसळलं, एस्टोनियानं १९१८ ला स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि लगेच बोल्शेविकांशी, म्हणजे रशियातल्या कम्युनिस्टांशी, लढाई सुरू. आता शेतकऱ्याच्या पोराला बंदूक हातात घे म्हणायचं तर त्याला काय देणार? जमीन. म्हणून लढाई चालू असतानाच संसदेनं कायदा केला, हजाराच्या वर मोठ्या इस्टेटी काढून घेतल्या, जमीन, जनावरं, अवजारं आणि घर सुद्धा. हे घर सुद्धा नीट लक्षात ठेवा. जमिनीचे तुकडे करून वाटले, लढलेल्यांना आधी. पण पन्नास खोल्यांचं घर कुणाला वाटणार? ते सरकारकडं राहिलं, आणि सरकारला शाळा पायजे होत्या, दवाखाने पायजे होते, म्हाताऱ्यांचे आश्रम पायजे होते. त्यामुळं शेकडो वाड्यांत पोरं बाराखडी शिकायला लागली.

आपल्याकडं काय झालं? १९४८ चा कूळकायदा, १ एप्रिल १९५७ कृषक दिन, कसणारा मालक झाला. जमीन गेली, पण वाडा मालकाकडंच राहिला. उत्पन्न गेलं आणि खर्च राहिला. मग वारसा लागत लागत सतरा नावं. तिथं घराला मालकच उरला नाही म्हणून घर वाचलं आणि इथं मालक जास्त झाले म्हणून पडलं, हे माझं मत, पटत नसंल तर भांडा.

गूळ_रवाळ

बाकी इतिहास नंतर वाचतो. पण मी नेटवर फोटो बघितले त्या पाल्म्सेचे, तिथलं जे हॉटेल दाखवतंय ती पूर्वी दारूची भट्टी होती म्हणं? नाद खुळा. वाड्यात भट्टी म्हणजे पाहुणे उठतच नसतील 😂

बिंदूचौक_कट्टा

@गूळ_रवाळ हसतोयस पण तीच खरी मेख आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या अर्ध्यात त्या सगळ्या वाड्यांना पैसा कुठनं आला, तर व्होडका. राय नावाचं धान्य पिकतंय तिथं, काळपट गव्हासारखं, ते नुसतं धान्य म्हणून विकलं तर काय मिळणार, म्हणून ते गाळून दारू करायची आणि पीटर्सबर्गला आणि रशियन फौजेला विकायची. आणि गाळून उरलेला चोथा-पाणी फेकायचं नाही, ते बैलांना घालायचं, बैल पोसून तेपण पीटर्सबर्गच्या बाजारात. त्यांचं शेण परत शेतात. एकोणिसाव्या शतकात रायऐवजी बटाटा गाळायला लागले. तुझ्या भाषेत सांगायचं तर साखर कारखाना, मळी, डिस्टिलरी, सगळं एका आवारात, चेअरमन तेवढा वंशपरंपरागत.

गूळ_रवाळ

वंशपरंपरागत चेअरमन इथंबी हायतच की

तार्तू_रिटर्न

मी तीन वर्षं एस्टोनियातल्याच तार्तूला होते पीएचडीच्या निमित्तानं, त्यामुळं थोडं प्रत्यक्षातलं सांगते, कारण वरच्या उत्तरानं असं वाटेल की एस्टोनियात सगळे वाडे असे चकाचक आहेत. अजिबात नाहीत! पाल्म्से हा दाखवायचा वाडा आहे. बसनं दक्षिणेकडं जाताना खिडकीतून बघत बसलं की दर थोड्या वेळानं एक दिसतो, दोन्ही बाजूंनी जुन्या झाडांची रांग लावलेला सरळ रस्ता, आणि त्या रस्त्याच्या शेवटी काही नाही, नुसत्या चार भिंती आणि आत उगवलेली भूर्जाची झाडं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला पोटात कसंतरी झालं होतं, रांग अजून पाहुण्याची वाट बघतीय आणि घरच नाही. धुराडं तेवढं उभं असतं आणि त्याच्यावर करकोच्यांनी घरटं केलेलं.

कुठला वाडा टिकला आणि कुठला गेला ह्याचं तिथल्या लोकांचं उत्तर अगदी साधं असायचं, छप्पर. सोव्हिएत काळात, म्हणजे चाळीसच्या दशकाच्या शेवटी सामुदायिक शेतं आली तेव्हा वाड्यात शेताचं ऑफिस, ट्रॅक्टरचं वर्कशॉप, धान्याचं गोदाम, पोरांचा कॅम्प असं काय काय झालं. पाल्म्सेत पण पायोनियर पोरांचा (कम्युनिस्टांची शाळकरी पोरांची संघटना) कॅम्प होता. ज्यात माणसं राहिली त्याचा एखादा तरी पत्रा कुणीतरी बदलला, भट्टी पेटवली. ज्यात खत ठेवलं किंवा काहीच ठेवलं नाही तो दहा-पंधरा हिवाळ्यांत संपला. तिथला हिवाळा म्हणजे पाणी भिंतीत मुरतं, उणे वीसला गोठून फुगतं, आणि दगडी भिंत आतून फोडतं. आपल्याकडं पाऊस जे करतो ते तिथं बर्फ करतो.

पाल्म्सेचं नशीब असं की १९७१ ला लाहेमा नॅशनल पार्क झालं, अख्ख्या सोव्हिएत युनियनमधलं पहिलं नॅशनल पार्क, आणि पार्कवाल्यांनी हा वाडा हातात घेऊन दहा-बारा वर्षं खपून दुरुस्त केला. विचार करा, कम्युनिस्ट राजवटीत जर्मन जमीनदाराचा वाडा सरकारी पैशानं उभा केला! एस्टोनियन लोकांना विचारलं तर म्हणायचे बांधला तर आमच्याच आज्या-पणज्यांनी होता.

शाळांचं वर बरोबर सांगितलंय. किल्त्सी म्हणून एक वाडा आहे, तो क्रुझेनश्टेर्न नावाच्या दर्यावर्दीचा, १८०३ ते १८०६ मध्ये रशियाची पहिली जगप्रदक्षिणा ह्याच माणसानं केली, आणि त्याच्या आधी तरुणपणी इंग्रजी जहाजावरनं आपल्या हिंदुस्थानात पण येऊन गेलेला. १८४६ ला तो किल्त्सीतच वारला. पुढं तिथं गावची शाळा झाली. जगप्रदक्षिणा केलेल्या माणसाच्या दिवाणखान्यात पोरं भूगोल शिकणार, मला तर हे ऐकून हेवा वाटला होता.

आणि एक गंमत राहिलीच, आडनावं. तिथल्या शेतकऱ्यांना १८२० ते १८३५ च्या आसपासपर्यंत आडनावच नव्हतं. अमक्या वाडीचा यान, तमक्या वाडीचा यूरी, एवढंच. गुलामगिरी उठली तेव्हा सरकारी वहीत लिहायला आडनाव पाहिजे, मग वाड्याचा मालक नाहीतर पाद्री बसून नावं वाटायचा. त्यामुळं अर्धा देश झाडं आणि जनावरं. टाम म्हणजे ओक, कास्क म्हणजे भूर्ज, रेबाने म्हणजे कोल्हा, इल्वेस म्हणजे रानमांजरासारखं एक जनावर, सेप म्हणजे लोहार. माझ्या लॅबमध्ये एक रेबाने होता, त्याला मी सांगितलं आमच्याकडं कोल्हे, लांडगे, वाघमारे सगळे आहेत, तर तो विचारतो तुम्हाला कुठल्या मालकानं दिली? मला उत्तर देता येईना.

कुळाचा_नातू

सगळं वाचलं. चांगलं लिहिलंय, पण कुणाच्या लक्षात येतंय का की अख्ख्या चर्चेत वाडा, खांब, तळं, छप्पर चाललंय आणि ते बांधायला राबलेला माणूस आडनावाच्या गमतीपुरता आला. माझा आजा खंडानं जमीन करत होता, ५७ ला त्याच्या नावावर झाली, म्हणून मी आज हे टाइप करतोय. त्यामुळं मला वाडा पडला ह्याचं दुःख जरा कमी होतं, राग मानू नका.

तिथली वेठ काय होती ते बघा. घराला जेवढी जमीन कसायला दिली तेवढ्या हिशोबानं आठवड्याचे ठराविक दिवस एक माणूस एक घोडा घेऊन मालकाच्या रानात. म्हणजे ऊन पडलंय, कापणीचा दिवस आहे, तर आधी मालकाचं आणि आपलं रात्री. शिवाय सुगीला जादा माणसं. चुकलं तर फटके, आणि न्याय कोण करणार तर तोच मालक. शेतकरी राहायचा कशात? त्याला रेही म्हणतात, धान्य वाळवायचं कोठार आणि घर एकच. धुराडं नाही, खोलीत भट्टी पेटवायची, वर आडव्या काठ्यांवर राय वाळत टाकायची, खाली पोरंबाळं धुरात. वाड्यात मात्र हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ करवतीनं कापून तळघरात भरून ठेवायचा, उन्हाळ्यात साहेबाला थंड दूध पायजे म्हणून.

१८१६ ला उत्तर एस्टोनियात आणि १८१९ ला लिव्होनियात, म्हणजे दक्षिण एस्टोनिया आणि उत्तर लाटव्हियात, गुलामगिरी उठली. रशियात १८६१ ला, म्हणजे हे चाळीसेक वर्षं आधी, म्हणून जमीनदार लई मिरवायचे. पण माणूस मोकळा केला आणि जमीन सगळी मालकाची ठेवली. लाटव्हियात ह्याला पाखराचं स्वातंत्र्य म्हणतात. उडायला मोकळा, बसायला फांदी मालकाची. त्यामुळं वेठ होती तशीच चालू राहिली, फक्त आता तिला करार म्हणायचे.

मग १८५६ ला नवा कायदा आला, त्यात वेठ कमी होणार असं लोकांच्या कानावर आलं, पण सुगीची जादा वेठ काही सुटली नाही. लोकांना वाटलं मालकानं कायदा लपवलाय. १८५८ च्या उन्हाळ्यात माह्त्रा नावाच्या वाड्यावर लोकांना फटके मारायला फौज आली तर शेकडो शेतकरी काठ्या-दांडकी घेऊन जमले, गोळीबार झाला, माणसं मेली, वाडा पेटवला. आज तिथं जवळच त्या शेतकऱ्यांचं म्युझियम आहे, तुमच्या पुतणीला सांगा तेपण बघून ये म्हणावं. आणि १९०५ च्या डिसेंबरात तर नुसत्या एस्टोनियात आठवडाभरात शंभरावर वाडे जाळले, लाटव्हियात त्याहून जास्त. मग झारची फौज आली आणि शेकडो लोकांना चौकशी न करता गोळ्या घातल्या, वाडेवाले पुढं उभं राहून माणसं दाखवत होते अशी कितीतरी ठिकाणं. म्हणून १९१९ ला कायदा एवढा कडक झाला. मालक उरला नाही म्हणून घर वाचलं असं सरळ नाही हो ते, मालक का घालवला हे पण सांगा.

पन्हाळी_पाऊस

@कुळाचा_नातू राग कसला, बरोबर आहे तुमचं. आमच्या वाड्याच्या मागच्या दारानं आत यायला कुणाला लागायचं आणि पुढच्या दारानं कुणाला हे आम्ही लहानपणी बघितलंय, बाबा त्याच्यावर बोलत नाहीत पण नाकारत पण नाहीत. एक विचारू का, ते १९०५ चं जाळणं म्हणजे आपल्या ४८ च्या जळितासारखं काय?

कुळाचा_नातू

नाही, माझ्या मते ती जोड लावू नये. ४८ ला गांधीजींच्या खुनानंतर एका जातीची घरं धरून जाळली, त्यात गरीब भिक्षुक, मास्तर, कुणीही सापडला. तिथं १९०५ ला निशाणा इस्टेट होती, वेठीच्या वह्या आणि कर्जाचे कागद आधी पेटवले असं बऱ्याच ठिकाणी झालं. अन्याय तिथंही झाला असणार, चांगल्या मालकाचाही वाडा गेला. पण कारण वेगळं.

बिंदूचौक_कट्टा

मान्य, माझं उत्तर मालकाच्या ओसरीवर बसून लिहिल्यासारखं झालं. शाहू महाराजांनी इथं वेठ बंद केली तेव्हा कुणाकुणाचं पोट दुखलं ते आठवलं की तिकडचंही कळतं.

पण सगळे मालक एका छापाचे नव्हते हेपण सांगू दे. दक्षिणेला सांगास्ते म्हणून वाडा आहे, लाल विटांचा, इंग्लंडच्या विंडसर किल्ल्याच्या धर्तीवर, १८८० च्या सुमाराला झाला. त्याचा मालक काउंट फ्रीडरिख बेर्ग. ह्या माणसाला सगळे रायवाला काउंट म्हणायचे, कारण आयुष्यभर ह्यानं दुसरं काही केलं नाही, चांगली चांगली ओंबी निवडून रायचं बियाणं तयार केलं, सांगास्ते राय म्हणूनच ते प्रसिद्ध आहे. थंडीला दाद देत नाही आणि ताट उंच. १९१९ ला इस्टेट गेली, बाकीचे कितीतरी जर्मन चिडून निघून गेले, हा तिथंच थोड्या जमिनीवर बियाणं निवडत बसला आणि १९३८ ला ९३ व्या वर्षी वारला. शेती कॉलेजच्या पोरांनी वाचण्यासारखा माणूस आहे.

वळिवडे_फाटक

मी वाचक आहे, लिहीत नाही सहसा. पण १९३८ वर गोष्ट थांबवली तर कोल्हापूरचा धागा सुटतोय म्हणून.

काउंट वेळेवर गेला असं म्हणायचं, कारण पुढच्याच वर्षी ऑगस्ट १९३९ ला हिटलर आणि स्टालिनचा करार झाला आणि त्यात गुपचूप वाटणी झाली, एस्टोनिया-लाटव्हिया स्टालिनला आणि पोलंड दोघांत वाटून. ऑक्टोबरपासून हिटलरनं एस्टोनिया-लाटव्हियातल्या जर्मन लोकांना परत बोलावलं. सहा-सातशे वर्षं राहिलेली माणसं, काही आठवड्यांत पेट्या बांधून बोटीत. एस्टोनियातले तेरा-चौदा हजार, लाटव्हियातले पन्नास हजाराच्या आसपास. त्यांना नेऊन बसवलं कुठं, तर जर्मनीनं बळकावलेल्या पश्चिम पोलंडमध्ये, पोलिश लोकांना घराबाहेर काढून रिकाम्या केलेल्या घरांत. चुलीवर जेवण तसंच असायचं म्हणतात.

आणि त्याच कराराच्या दुसऱ्या बाजूला, स्टालिनच्या वाट्याला आलेल्या पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना मालगाडीत भरून सायबेरिया-कझाकस्तानला हाकललं. त्यांतले वाचलेले इराणमार्गे हिंदुस्थानात आले आणि त्यातले पाचेक हजार कुठं आले? आमच्या वळिवड्यात. १९४३ ते ४८, बायका-पोरंच जास्त. शाळा, चर्च, थिएटर, सगळं होतं कॅम्पात. माझी आजी त्यांना अंडी आणि भाजी विकायची, तिला पोलिश आकडे येत होते शेवटपर्यंत. त्या बायकांत काही विल्नोकडच्या होत्या, म्हणजे आता लिथुआनियात आहे ते विल्नियस, आणि त्यातल्या एकीचं घर म्हणे वाड्यासारखं होतं, झाडांची रांग, तळं, सफरचंदाची बाग. आजी सांगायची ती बाई पंचगंगेच्या काठाला बसून चिखलात काडीनं त्या घराचा नकाशा काढायची, हा दिवाणखाना, हे स्वयंपाकघर, आणि उठताना हातानं पुसून टाकायची. महावीर गार्डनमध्ये त्या लोकांचं स्मारक आहे, जाता येता बघत जावा.

तर जर्मनांच्या बोटी आणि आपलं वळिवडं ह्यांत अंतर फार नाही, एकाच करारानं दोघांना उठवलं.

गूळ_रवाळ

लहानपणापासून वळिवड्यावरनं जातोय, हे माहीतच नव्हतं. गप्प बसवलंस राव.

तार्तू_रिटर्न

अंगावर काटा आला. आणि एक जोडते, १९४१ च्या जूनमध्ये एका रात्रीत एस्टोनियातून दहा हजार आणि १९४९ च्या मार्चमध्ये वीस हजारांच्या वर लोकांना असंच मालगाडीत घालून सायबेरियाला नेलं. त्यातले कितीतरी जण तेच, ज्यांना १९१९ च्या कायद्यानं वाड्याची जमीन मिळाली होती. वीस-तीस वर्षं मालक होते बिचारे. तीस एकर आणि चार गाई असल्या की तुम्ही श्रीमंत शेतकरी, चला गाडीत. माझ्या घरमालकिणीची आई त्यात गेली होती, परत आली तेव्हा तिच्या घरात सामुदायिक शेताचा मुकादम राहत होता.

कुळाचा_नातू

हे मला माहीत नव्हतं. आजाला सांगितलं असतं तर त्यानं त्याच दिवशी सातबारा काढून परत एकदा बघितला असता.

पन्हाळी_पाऊस

काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं, चष्मा काढून डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, त्या पोरीनं छप्पर म्हणून सांगितलंय ते बरोबर आहे, आणि ते शाळेचं परत वाच. परत वाचलं. मग म्हणाले, आपल्या गावच्या अंगणवाडीच्या खोलीत पावसाळ्यात पाणी येतंय, पोरं मारुतीच्या देवळात बसतात, आपला पुढचा सोपा तर धड आहे.

आज सकाळी त्यांनी स्वतः मुंबईच्या दोन्ही चुलत भावांना फोन लावला. एकजण हो म्हणाला, दुसरा म्हणाला बघू, म्हणजे नाही. तेवढ्यात आमच्या मातोश्री आतनं म्हणाल्या, पोरं सोप्यात बसवायची तर आधी वरचं बघा, तिथं दोन ठिकाणी आभाळ दिसतंय. तर आता प्रश्न बदलला. जुनी मंगळुरी कौलं, नीट, न तडकलेली, तीन-चारशे नग, कोल्हापूर-गारगोटी पट्ट्यात कुठं मिळतील? नवीन बसत नाहीत, जुन्याचा साचा वेगळा आहे.

गूळ_रवाळ

आमच्या भावकीतलं जुनं गुऱ्हाळघर उतरवायचं चाललंय पुढच्या महिन्यात, सगळं मंगळुरी कौल आहे. मोजलं नाही पण पाचशेच्या आत नसणार. ट्रॉली तुमची, कौलं फुकट, फक्त उतरवायला दोन गडी पाठवा आणि मे संपायच्या आत न्या. व्यनि करतो.

कुळाचा_नातू

गडी कशाला, रविवार असंल तर मी येतो. कौल उतरवायचं काम आमच्या घरात तीन पिढ्या आहे, फुटणार नाही एकबी. पण पुढच्या दारानं येणार 😄

पन्हाळी_पाऊस

या की. बाबा म्हणतायत जेवायलाच या, तांबडा-पांढरा करायला सांगतो.